शिबिरं, डीजे आणि वाचनालयाची किल्ली

आपल्या वस्तीत तरुणांसाठी कार्यक्रम होत नाहीत, अशी तक्रार आता कुणी करू नये. जानेवारीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, एप्रिलात जयंती, मे महिन्यात श्रामणेर शिबिर, ऑक्टोबरात दीक्षाभूमीची गाडी, डिसेंबरात चैत्यभूमी. मधल्या फटीत रक्तदान, वक्तृत्व स्पर्धा, कविसंमेलन. पोरगं वर्षभर कुठल्या ना कुठल्या मंडपात बसलेलंच असतं. प्रश्न एवढाच, की मंडप सोडल्यावर त्या पोरात काय उरतं?

आपण कवितेची समीक्षा करतो. कथेची करतो. एखाद्या कवीची जाणीव खरी की उसनी, यावरून रात्र रात्र भांडतो. पण ज्या कार्यक्रमांतून माणूस घडतो असं आपण माईकवरून सांगतो, त्यांची समीक्षा कुणी करत नाही. त्यांचा नुसता अहवाल निघतो. कार्यक्रम उत्साहात पार पडला, आभार मानले, संपलं. मी इथं ती समीक्षा करायचं ठरवलंय. मी काही मोठा शिकलेला माणूस नाही. सोलापूरकडं एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर पाळी करतो, तुटलेले धागे सांधतो. दहावीनंतर जे शिकलो ते वाचनालयात आणि पाळीच्या मधल्या सुट्टीत. तेव्हा शब्द चुकला तर समजून घ्या. मुद्दा चुकला तर मात्र सोडू नका.

मी पंधरा वर्षांचा असताना आमच्या विहारात दोन दिवसांचं शिबिर झालं. शहरातून कोट घातलेले एक सर आले होते. हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं, समोरच्याच्या डोळ्याकडं बघून कसं बोलायचं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. ते वाईट नव्हतं. मान खाली घालून बोलायची सवय आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची. ती कुणी मोडत असेल तर त्याचे आभारच मानले पाहिजेत. पण शेवटच्या तासाला सर म्हणाले, जग बदलायच्या आधी आपली वृत्ती बदला, अडथळा बाहेर नसतो, तुमच्या डोक्यात असतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं नाव चुकलं होतं.

चार वर्षांनी गिरणीजवळ भाड्याची खोली बघायला गेलो. शिकवल्याप्रमाणं ताठ उभा राहिलो, डोळ्याकडं बघून बोललो. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. खोली लगेच 'कालच गेली' झाली. त्या रात्री मी काय विचार केला असेल? व्यवस्थेला शिवी दिली नाही. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आवाज पडला असेल. शर्ट मळका होता. शिबिरानं मला नेमकं हेच शिकवलं होतं. अडथळा डोक्यात असतो ना! तो त्या बाईच्या डोक्यात होता, हे माझ्या डोक्यात यायला आणखी दोन वर्षं गेली.

अशा शिबिरांवर माझा पहिला आक्षेप हा आहे. समाजाचा गुन्हा ती पोराच्या खात्यावर लिहितात. पोरगं बोलायला शिकतं, पण काय बोलायचं ते त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं. जातीचा शब्द उच्चारला की 'निगेटिव्ह विचार करू नको' म्हणून त्याला गप्प करतात. असं पोरगं मुलाखतीत हसतं आणि घरी येऊन स्वतःलाच खातं.

आता ती दोन वर्षं कुठं गेली ते सांगतो. विहाराच्या मागं दहा बाय बाराची एक खोली होती. एक कपाट, एक बाकडं, दोन पेपर. नगरपालिकेच्या सफाई खात्यातून रिटायर झालेले एक दादा ते वाचनालय चालवायचे. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी मला हाक मारून किल्ली दिली. म्हणाले, "उद्यापासून तू उघडायचं. संध्याकाळी सहाला. उशीर झाला तर लोक मला नाही, तुला इचारतील." बस्स, एवढंच. भाषण नाही, हार नाही, फोटो नाही.

पहिले आठ दिवस मी नुसतं कुलूप उघडून बसलो. मग म्हाताऱ्या यायला लागल्या. "बाळा, पेपरात काय लिवलंय ते वाच की." मी वाचायचो. निराधार पेन्शनची बातमी, रेशनची बातमी, खुनाची बातमी. त्या मधेच थांबवून प्रश्न विचारायच्या, आणि मला उत्तर येत नसलं की मी दुसऱ्या दिवशी शोधून आणायचो. असं करता करता वाचायला शिकलो. अक्षरं आधीच येत होती, वाचणं तिथं आलं. एक दिवस कुठल्यातरी गावात आपल्या माणसाला लग्नाच्या वरातीवरून मारल्याची बातमी वाचत होतो. वाचता वाचता मी माझ्या खोलीची गोष्ट बोलून गेलो. एक आज्जी म्हणाली, "माझ्या लेकालाबी असंच म्हणले." बाकड्यावरच्या आणखी दोघांनी आपापलं सांगितलं. त्या संध्याकाळी माझी लाज चार जणांत वाटली गेली. वाटली गेल्यावर ती लाज राहिलीच नाही, तिचा राग झाला. आणि तो राग कुणावर काढायचा नाही, कशावर काढायचा, तेही कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं: कार्यक्रमात तरुणाच्या वाट्याला कोणतं काम येतं, त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. व्यासपीठावरून काय सांगितलं, ते आठ दिवसांत विरून जातं. कायम श्रोता केलेला पोरगा आयुष्यभर श्रोता राहतो. नेत्याच्या गाडीपुढं पळायला लावला तर पळायला शिकतो. वर्गणीच्या हिशेबाची वही हातात दिली तर हिशेब द्यायला शिकतो, आणि पुढं दुसऱ्याकडं मागायलाही.

हे मी शोधून काढलेलं नाही. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा त्या सभेनं तरुणांसाठी काय केलं बघा. जानेवारी १९२५ मध्ये आमच्या सोलापुरात वसतिगृह काढलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. मुंबईत मोफत वाचनालय काढलं आणि महार हॉकी क्लब काढला. पोरांनी जुगार-दारूच्या नादी लागू नये म्हणून हॉकी! जुगार वाईट असं नुसतं सांगून भागलं असतं तर क्लब काढायची गरज काय होती? हातात काठी दिली, बरोबर दहा गडी दिले. आता हा संध्याकाळी आला नाही तर दहा जणांचा खेळ मोडतो. माणूस व्यसनातून सुटतो तो असा, कुणीतरी आपली वाट बघतंय म्हणून.

त्या सभेचं ब्रीद होतं, शिकवा, चेतवा, संघटित करा. आज आपल्या फ्लेक्सवर असतं, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. दोन्ही घोषणा आपल्याच. पण क्रियापदाकडं जरा बघा. पहिल्या घोषणेत तरुणाला सांगितलंय की तू दुसऱ्यासाठी काहीतरी कर. दुसरीत त्यानं आधी स्वतःपुरतं बघितलं तरी चालतं. आपले आजचे कार्यक्रम त्या 'शिका'पाशी येऊन थांबलेत. 'शिकवा' कुणी म्हणत नाही.

जलशाचंही तेच. भीमराव कर्डकांचा जलसा नाशिकच्या युवक संघातून उभा राहिला, हे आपण विसरतो. जलसा म्हणजे त्या काळचा युवक कार्यक्रमच होता. तमाशाचा साचा घेतला, त्यातली लावणी-गौळण काढली आणि त्या जागी पाणवठा, शाळा, देव-देवस्की यांच्यावरचे संवाद आणि फार्स आणले. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. संवाद म्हटला की दोन बाजू आल्या. आपल्यातल्याच एका पोराला भटजी व्हावं लागायचं, सावकार व्हावं लागायचं. विरोधकाचं सोंग घ्यायचं तर त्याचं म्हणणं आधी समजून घ्यावं लागतं, आणि त्याला उत्तर देणाऱ्या पोराला ते उत्तर पाठ असून भागत नाही, पटलेलं असावं लागतं. आजच्या वक्तृत्व स्पर्धेत पंधरा पोरं एकाच विषयावर एकाच बाजूनं तेच भाषण करतात. तीन मिनिटं झाली की घंटी. उलट बोलणारा कुणीच नसतो.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत मजूर म्हणून आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शिवडीच्या चाळीत राहताना समता सैनिक दलात गेले, मोठेपणी अक्षरं शिकले. त्याच माणसानं पुढं गावोगाव हिंडून आपल्याला गाणं दिलं. त्यांना कुणी व्यक्तिमत्त्व विकासाचं प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

आता जयंतीचा मुद्दा. पांढरपेशे लोक आपल्या पोरांच्या डीजेवर नाक मुरडतात, त्यांच्यात मी नाही. ज्या पेठेतून आपल्या आज्याला कडेकडेनं चालावं लागायचं, त्याच पेठेतून नातू मधोमध नाचत जातो, याचा अर्थ मला कळतो. मीही नाचलोय. वर्षभर पाळीत, हॉटेलात, साईटवर वाकलेलं अंग त्या रात्री सरळ होतं. पण दोस्तांनो, पंधरा एप्रिलच्या सकाळचं काय? डीजेवरच्या नव्या गाण्यांत आपला बाप वाघ असतो, राजा असतो. ऐकताना छाती फुगते. वामनदादांचं गाणं ऐकल्यावर मात्र आपल्याला काहीतरी करायचं राहिलंय, असं वाटत राहतं. नव्या गाण्यात सगळं काम बाबासाहेबांनी करून ठेवलेलं आहे. पोरांना फक्त उड्या मारायच्या आहेत.

आणि पैसा? डीजेचा आकडा ऐकून मला माझा पगार मोजावा लागला. तो पैसा वर्गणीतून भागत नाही, म्हणून मंडळ बिल्डरकडं जातं, नगरसेवकाकडं जातं. फ्लेक्सवर बाबासाहेबांशेजारी त्याचा फोटो येतो. त्या फोटोतून पोरगं काय शिकतं? आपला कार्यक्रम आपल्या पैशानं होत नाही, हे शिकतं. मोठ्या माणसापुढं उभं राहून मागायचं कसं, हे शिकतं. निवडणुकीत तेच पोरगं त्याच माणसाचा झेंडा घेऊन फिरलं, तर त्याला गद्दार म्हणू नका. त्याचं प्रशिक्षण आपणच केलंय.

१९७२ च्या पँथरचं नाव घेतल्याशिवाय आपला एकही लेख संपत नाही. तर घेतो. त्या पोरांसाठी कुणी शिबिर भरवलं नव्हतं. अत्याचाराची बातमी आली की ती त्या गावाला जायची, आणि जाऊन आली की लिहायची. त्यांची भाषा त्या धावपळीतून आली. ती नुसती उचलून आज कविसंमेलनात आग ओकणारे कवी मला पटत नाहीत. त्यात मीही आलो. पण १९७४ मध्ये पँथर फुटली, तेव्हा वस्तीतल्या पोराच्या हातात रोजचं काय काम राहिलं, हाही प्रश्न विचारला पाहिजे. राग रोज पेटवत ठेवायचा तर त्याला रोजचं काम लागतं.

कुणी म्हणेल, आता अभ्यासिका आहेत ना. आहेत, आणि असाव्यात. आपली पोरं स्पर्धा परीक्षा देतात, साहेब होतात, याचा मला आनंद आहे. पण अभ्यासिकेत प्रत्येकाच्या कानात बोळे आणि भिंतीवर 'शांतता राखा'. पेपर वाचून दाखवायला तिथं म्हातारीला जागा नाही. जो पास होतो तो वस्ती सोडतो. जो नापास होतो तो लाजेनं तिथं येणं सोडतो. दोघंही एकटेच राहतात.

जुन्याचे गोडवे गाऊन मी थांबलो तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. जलशात बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. बाया चळवळीत होत्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, त्याच दिवसांत तिथं समता सैनिक दलाचीही परिषद झाली. तरी वस्तीतल्या युवक कार्यक्रमात 'युवक' म्हणजे पोरगा, हे अजून गेलेलं नाही. पोरींच्या वाट्याला स्वागतगीत, रांगोळी आणि पाहुण्यांना हार.

इथं मला माझाच गुन्हा सांगायचाय. तीन वर्षांपूर्वी माझी रात्रपाळी सुरू झाली, तेव्हा वाचनालयाची किल्ली कुणाला द्यायची हा प्रश्न आला. रोज येणारी, पुस्तकांची वही लिहिणारी एक पोरगी होती. मी तिला दिली नाही. "रात्री कुलूप लावायला पोरीची जात कशी जाईल?" असं मीच बोललो. 'जात' हा शब्द माझ्याच तोंडून गेला. किल्ली मी मंडळातल्या एका दोस्ताला दिली. सहा महिन्यांत वाचनालय बंद पडलं. आज त्या खोलीत जयंतीचे जुने फ्लेक्स आणि झेंड्यांच्या काठ्या आहेत. कपाटाला वाळवी लागलीय. ती पोरगी आपल्या घराच्या ओट्यावर सात-आठ लेकरं घेऊन बसते. तिला कुणी शिकवलं नाही, शिकवायला सांगितलंही नाही. ती शिकवते. 'शिकवा'चा अर्थ आमच्या वस्तीत तिला एकटीला कळला.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पुढचा कार्यक्रम घ्याल तेव्हा पाहुणा कोण हे नंतर ठरवा. आधी एवढं विचारा. पैसा कुणाचा? हिशेबाची वही कुणाकडं? पोरं बोलणार किती आणि ऐकणार किती? पोरींकडं रांगोळीशिवाय कोणतं काम? आणि कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराची वाट कोण बघणार? या प्रश्नांना उत्तर नसेल तर मंडप घालू नका. ते पैसे पेपरच्या बिलाला द्या.

येत्या रविवारी आमच्या मंडळाची जयंतीची बैठक आहे. डीजे किती टॉपचा, हा पहिला विषय आहे. मी दुसरा विषय मांडणार आहे. फ्लेक्स बाहेर काढा, खोली मोकळी करा, आणि किल्ली त्या ताईकडं द्या. पोरं हसतील. काहीजण 'का बे, लई शहाणा झालास?' म्हणतील. म्हणू द्यात. रात्री कुलूप लावायला सोबत लागलीच, तर दिवसपाळी असेल तेव्हा मी विहाराच्या कोपऱ्यावर उभा राहीन. किल्ली मात्र तिच्याच हातात असेल.

जय भीम.