शंभर वर्षांच्या पुराचे गणित

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत चढू लागले, तेव्हा अनेक कुटुंबांनी घर सोडले नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. २००५ च्या महापुराचे पाणी कुठवर आले होते ते ठाऊक होते. यंदा ते त्याच्या पुढे कशाला जाईल? प्रत्यक्षात आयर्विन पुलापाशी, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेथे पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ पेक्षा तीन फुटांहून अधिक! ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले.

अशा वेळी 'लोक ऐकतच नाहीत' असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हांला ती मान्य नाही. आमच्या मते दोष बराचसा तज्ज्ञांच्या भाषेत आहे, म्हणजे आमच्याच.

नदीकाठच्या नकाशांवर दोन पूररेषा आखतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामास मनाई. दोहोंमधील पट्ट्यात निर्बंध घालून परवानगी. नकाशा उपयोगी आहे, पण शब्द फसवे आहेत. 'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकून कोणीही असेच समजेल की, एकदा येऊन गेला, आता पुढचा नातवंडांच्या काळात. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा गेले.

खरा अर्थ एवढाच की, कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. गेल्या वर्षी तो आला होता की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. आता घर ३० वर्षे वापरायचे असे धरू. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. ती तीस वेळा गुणली की ०.७४ उरते. म्हणजे लाल रेषेवरच्या घराला तीस वर्षांत निदान एकदा पाणी लागण्याची शक्यता २६ टक्के, आणि निळ्या रेषेवरच्या घराला तब्बल ७१ टक्के! घर घेणाऱ्याला हा आकडा कोणी सांगतो काय?

तोही पक्का नाही. या रेषा काही दशकांच्या जुन्या नोंदींवरून काढतात आणि पुढेही पाऊस तसाच पडेल असे गृहीत धरतात. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. तेव्हा ते गृहीत आता सैल झाले आहे.

शाळेतल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या पाठात बॅटरी, दोरी आणि कोरडा खाऊ यांची यादी असते. ती असू द्यावी. पण एक तास या गणिताला द्यावा. डब्यात २५ चिठ्ठ्या टाका, एकीवर निळी खूण करा. प्रत्येक विद्यार्थ्याने तीस वेळा चिठ्ठी काढायची, दर वेळी परत टाकून डबा हलवायचा. चाळीस मुलांच्या वर्गात सुमारे अठ्ठावीस जणांच्या हाती निळी चिठ्ठी निदान एकदा येईल. काहींच्या हाती ती लागोपाठ दोनदाही येईल. त्या मुलांना विचारा, पहिल्या चिठ्ठीनंतर त्यांना काय वाटले होते.