मांडवाबाहेरचे वाचक

यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे. या दुसऱ्या संमेलनाची आठवण निघाली, की बोलणे हमखास येऊन थांबते ते न झालेल्या भाषणावर.

ते भाषण नयनतारा सहगल यांचे. उद्घाटक म्हणून त्यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठीच्या व्यासपीठावर कशाला, असा आक्षेप पुढे आला होता आणि संमेलन उधळण्याचे इशारेही दिले गेले होते. त्या निर्णयाच्या निषेधार्थ अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. अखेर ११ जानेवारीला उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. तोवर सहगल यांचे लिहून तयार असलेले भाषण मूळ इंग्रजीत आणि मराठी अनुवादात लोकांच्या मोबाइलवर पोचले होते.

त्या वादाची बाजू कोणाची खरी, हे इथे पुन्हा मांडायचे नाही. मला शोधायचे आहे ते वेगळे. मांडवात ज्याला जागा मिळाली नाही, त्या मजकुराला वाचक कुठे भेटले? आणि ‘आम्ही पुस्तकांवर प्रेम करतो’ असे म्हणत एकत्र आलेल्या ऑनलाइन समूहांनी त्याचे काय केले?

मांडवाबाहेर वाचक मिळण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिली ग्रंथकार सभा १८७८ साली पुण्यात भरली. दुसरी भरली १८८५ मध्ये. तिच्या निमंत्रणाला जोतीराव फुले यांनी पत्राने नकार कळवला. जे सर्वांचे मानवी हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. ते पत्र ‘ज्ञानोदय’ने छापले. सभेत कोण काय बोलले, हे आज फारच थोड्यांना सांगता येईल. न गेलेल्या माणसाचे पत्र मात्र आजही अभ्यासले जाते. ते टिकले, कारण ते छापले गेले आणि पुढच्या पिढ्यांतील कोणालाही ते काढून वाचता आले. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, हे उघड आहे. फुल्यांनी स्वतः नकार दिला, सहगल यांना नकार मिळाला. पण दोन्ही मजकुरांना बाहेरच्या वाचकाचाच आधार होता.

आता आजच्या बाहेरच्या वाचकाकडे येऊ. मराठी माणसे इंटरनेटवर एकत्र येऊ लागली ती परदेशांतून. ‘मायबोली’ १९९६ साली सुरू झाली. पुढे २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आणि २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’ आली. या ठिकाणी एखाद्याने पुस्तकावर चार परिच्छेद लिहिले, की खाली प्रतिसाद येत, प्रतिवाद होत, कधी भांडणेही जुंपत. दहा वर्षांनी कोणी त्या पुस्तकाचे नाव शोधले, तर ती सगळी चर्चा त्याच्यासमोर उलगडे. मी ग्रंथालयशास्त्र शिकलेलो नाही, विद्यापीठाची पायरीही फारशी चढलेलो नाही. मतभेद सभ्यपणे कसा मांडावा, हे मी बरेचसे अशा जुन्या धाग्यांतून शिकलो.

त्यानंतर स्वस्त स्मार्टफोन आले आणि वाचकांची बैठक व्हॉट्सॲपवर हलली. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे पुस्तकाचे धड दुकान नाही, तिथे या समूहांनी मोठे काम केले. पुस्तके हातोहात फिरली, शिवणकाम करणारा माणूस आणि निवृत्त प्राध्यापक एकाच कथेवर बोलू लागले. ही कमाई खरी आहे. पण त्या बैठकीचे बांधकामच वेगळे. २०१९ साली एका समूहात जास्तीत जास्त २५६ माणसे बसत. भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येई. दार बंद असल्याने बाहेरच्या अभ्यासकाला आत डोकावता येत नाही. आणि नव्या संदेशांच्या लोंढ्यात कालची चर्चा आज खाली बुडते. ‘ज्ञानोदय’चा जुना अंक ग्रंथालयात सापडू शकतो, व्हॉट्सॲपवरचा वाद फोन बदलला की बहुधा फोनबरोबरच जातो.

बांधकामाला दोष देऊन मला मोकळे होता येत नाही, याला कारण आहे. दारव्हा-दिग्रस भागातील वाचकांचा असा एक समूह मीच चालवतो. १२ जानेवारी २०१९ च्या सकाळी एका शिक्षकमित्राने सहगल यांच्या भाषणाचा अनुवाद त्यावर टाकला. दहा मिनिटांत उत्तर आले : ‘समूहाचा विषय पुस्तके. कृपया राजकारण नको.’ त्याखाली दोघांनी हात जोडले, पाच-सहा जणांनी अंगठे उंचावले. मी त्या मित्राला फोन केला आणि तासाभरात तो संदेश काढायला लावला. समूह फुटू नये, एवढाच माझा विचार होता. भाषण मी वाचलेही नव्हते.

ते वाचले त्या रात्री, आणि माझीच मला लाज वाटली. सहगल त्यात आपल्या वडिलांविषयी बोलतात. रणजित सीताराम पंडित हे महाराष्ट्रीय, संस्कृतचे विद्वान. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसला आणि कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा इंग्रजी अनुवाद केला. म्हणजे जिला इंग्रजीची म्हणून परकी ठरवले, ती लेखिका मराठी घराण्यातल्या एका अनुवादकाची मुलगी होती आणि त्याचीच आठवण घेऊन आमच्या गावी येणार होती. नरेंद्र दाभोलकर आणि गोविंद पानसरे यांची नावेही त्या भाषणात आहेत, आणि ती दोन्ही माणसे मराठीत पुस्तके लिहिणारी. पुस्तकांच्या समूहाला यापेक्षा पुस्तकांचा विषय आणखी कोणता हवा होता?

खरी गोम त्याच्या पुढे आहे. त्याच दिवशी दुपारी समूहावर वैशाली येडे यांच्या भाषणाचा मजकूर आला. कोणीही हरकत घेतली नाही. पाणावलेल्या डोळ्यांची चिन्हे रांगेने आली. शेतकरी गेल्यावर मागे उरलेल्या बाईचे जगणे, तिच्यावर समाजाने आणि व्यवस्थेने लादलेले ओझे, हा त्या भाषणाचा गाभा. शेतमालाचा भाव आणि कर्ज यांच्याशी जोडलेले हे दुःख राजकारणाबाहेरचे कसे असेल? पण आम्ही ते निव्वळ दुःख म्हणून वाचले, हळहळलो आणि पुढे सरकलो. ‘तेरवं’ नाटकात शेतकरी विधवांच्या बाजूने उभी राहणारी ही बाई काही विचारते आहे, उत्तर मागते आहे, हे आम्ही ऐकलेच नाही.

म्हणजे आमचा नियम ‘राजकारण नको’ हा नव्हताच. जे वाचून हळहळता येते ते चालेल, जे वाचून बाजू घ्यावी लागते ते नको, असा तो नियम होता. पुस्तकांच्या थप्प्यांची छायाचित्रे, ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ ही विशेषणे, लेखकांच्या पुण्यतिथ्या हे सगळे त्या नियमात बसते. एके काळी सही न येणारा माणूस कागदावर अंगठा उमटवी. आम्हाला लिहिता येते, तरी आम्ही अंगठाच देतो. ‘निःशब्द’ हा वाचनाचा शेवट होऊ शकत नाही. शब्द तिथूनच सुरू व्हायला हवेत. ज्या प्रेमाला मतभेद सोसत नाही ते पुस्तकांवरचे प्रेम असेलही, पण त्याला वाचन म्हणता येणार नाही.

मराठीत याचा नमुना नव्हता असे नाही. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने लेखक-वाचक मेळावे भरवले. त्या नावातच वाचकाला लेखकाच्या बरोबरीची जागा आहे.

मागच्या वर्षी आम्ही दोन्ही भाषणे समूहावर पुन्हा आणली. नियम एकच ठेवला : प्रत्येकाने आधी दोन्ही वाचायची आणि मग निदान पाच वाक्ये लिहायची, अंगठा चालणार नाही. एकवीस जणांनी लिहिले. सहगल यांना बोलावणेच चूक होते, असे चौघांनी कारणांसह मांडले. त्यांतले एक कारण मला अजून खोडता आलेले नाही. तिघे समूह सोडून गेले. जे आले ते सगळे मी कागदावर उतरवून घेतले, त्याची एक वही केली आणि गावच्या वाचनालयात ठेवली. ती तिथे कोणालाही मागून वाचता येते. २०१९ साली ज्याला मी संदेश काढायला लावला होता, त्या मित्राचे टिपण वहीत पहिले आहे.