पाटी दिसली, गाव दिसलं का?

(उत्तन येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

भाईंदरहून उत्तनला येणारा रस्ता पुढे गोराईला जातो. तिथे १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. त्याच्या जाहिराती टीव्हीवर लागायच्या आणि त्या पाहून राज्यभरातून माणसं यायची. कुणी खाडीतून फेरीबोटीने जायचं, कुणी याच रस्त्याने. आता ते बंद झालंय, तरी नाव प्रत्येकाला पाठ आहे. वाटेत लागलेल्या गावाचं नाव मात्र फार थोड्यांनी विचारलं असेल. आजचा विषय या दोन नावांमधल्या फरकाचा आहे.

आम्हा काही मंडळींना एक खोड आहे. जुना चित्रपट लावायचा, आणि नायक-नायिका सोडून त्यांच्या मागे बघत बसायचं. इराण्याची पाटी, औषधाच्या दुकानाचं नाव, बसवर लावलेली जाहिरात, टेबलावरची बाटली. दिसली की चित्र थांबवायचं. घरचे वैतागतात, पण खोड काही जात नाही. (हशा)

या खोडीचा उपयोगही आहे. कोका-कोला १९७७ साली भारतातून गेली आणि १९९३ साली परत आली. त्यामुळे रस्त्यावर कोका-कोलाची ताजी पाटी दिसली, तर ते दृश्य बहुधा १९७७च्या आधीचं किंवा १९९३च्या नंतरचं. थम्स अप दिसलं तर १९७७च्या अलीकडचं. पाटीवरच्या फोन नंबरात सहा आकडे आहेत, सात आहेत की आठ, यावरूनही काळ कळतो. असं एकेक जुळवत गेलं की शहराचा एक अनौपचारिक दस्तऐवज हाताशी येतो.

पण पडद्यावर दिसलेलं प्रत्येक नाव सारख्याच किमतीचं नसतं. आम्ही त्याचे तीन प्रकार करतो.

पहिला, आपसूक आलेलं नाव. बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ आठवा. बसस्टॉपवरची रांग, ऑफिसची वेळ, आणि जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’. हे उपाहारगृह १९६४ साली सुरू झालं आणि २०१५ साली बंद पडलं. आज तिथे जाऊन चहा पिता येत नाही, पण अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा तिथे बसलेले अजून पाहता येतात. चटर्जींना इतिहास लिहायचा नव्हता, दोन माणसांना बसवायला जागा हवी होती. म्हणूनच ती जागा जशी होती तशी राहिली.

दुसरा, मुद्दाम आणलेलं नाव. यासाठी दूर जायला नको, त्याच ‘छोटी सी बात’मध्ये अमिताभ बच्चन ‘जमीर’मधल्या वेशात येऊन जातो. दोन्ही चित्रपट बी. आर. चोप्रांच्या संस्थेचे. म्हणजे घरच्याच मालाची जाहिरात! पण ती खेळकर आहे, गोष्टीला कुठे अडवत नाही. नंतर हा खेळकरपणा गेला. सुभाष घईंच्या ‘ताल’मध्ये, १९९९ साली, प्रेमाच्या प्रसंगात कोका-कोलाची बाटली आली, दोन वर्षांनी ‘यादें’मध्ये तर गोष्ट थांबवून माल दाखवला जातोय असं वाटू लागलं. अशा वेळी कॅमेरा बाटलीला कधी पाठ दाखवत नाही. आमच्या लेखी ओळखण्याची खूण तीच. खऱ्या रस्त्यावरची पाटी अर्धवट दिसते, कुणाच्या तरी डोक्याआड जाते. पैसे भरलेली पाटी नेहमी पूर्ण वाचता येते.

तिसरा प्रकार खोट्या नावाचा. सई परांजपे यांच्या ‘चश्मेबद्दूर’मध्ये, १९८१ साली, दीप्ती नवल दारोदार ‘चमको’ साबणाची पावडर विकते. अशी पावडर बाजारात नव्हती. तरीही ती लोकांच्या लक्षात राहिली, कारण त्या काळी घरोघर येणारी विक्रेती मुलगी, तिचं पाठ केलेलं बोलणं, बादलीतलं प्रात्यक्षिक, हे सगळं खरं होतं. नाव खोटं असूनही व्यवसाय खरा असू शकतो, हे त्यातून आम्ही शिकलो.

आता याच्या उलट काय होतं ते पाहू. माल खरा, माणसं बनावट. इथे आपण उत्तनच्या जवळ येतो.

राज कपूरचा ‘बॉबी’ १९७३चा. त्यातली छोटी मोटरसायकल राजदूत कंपनीची, जीटीएस १७५. चित्रपट इतका चालला की लोक त्या गाडीलाच ‘बॉबी’ म्हणू लागले, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तिला तेच म्हणतात. बॉबीचा बाप जॅक ब्रॅगांझा कोण? मासेमार. ख्रिस्ती मासेमार. प्रेमनाथने ती भूमिका केली आणि आजीच्या भूमिकेत आपल्या दुर्गाबाई खोटे होत्या. आता इथे बसलेल्यांना विचारतो: गाडीची कंपनी कोणती, सांगाल. पण जॅकच्या होडीचं नाव काय? तो मासळी कुठे उतरवतो, कोण विकतं, बर्फ कुठून येतो?

(थोडा वेळ शांतता. श्रोत्यांतून: “ते कोण दाखवणार?”)

बरोबर बोललात. कोण दाखवणार? उत्तनमध्ये प्रत्येक होडीला नाव असतं, नंबर असतो. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील सुकतात. तो व्यवसायच आहे. त्याला मालक आहेत, देणेकरी आहेत, बाजार आहे. पडद्यावर मात्र मासेमारी हा फक्त पोशाख उरतो. मोटरसायकलला मॉडेल नंबर मिळतो आणि मासेमाराला नुसता स्वभाव मिळतो: दारू पितो, मोठ्याने हसतो, मनाने भोळा.

आडनावांचंही तेच. ‘बॉबी’त ब्रॅगांझा. ‘बातों बातों में’, १९७९, तिथे अमोल पालेकर टोनी ब्रॅगांझा. तो आमचा लाडका चित्रपट, वांद्रे-चर्चगेट लोकल त्यात छान आली आहे, म्हणून हे बोलताना जड जातं. पण मुंबईतल्या ख्रिस्ती माणसाला हिंदी पडदा जवळजवळ नेहमी एकाच छापाचं नाव देतो. वसईपासून मुंबईपर्यंतचा ईस्ट इंडियन समाज, घरात मराठीची आपली बोली बोलणारा, त्या छापात बसत नाही. म्हणून तो फारसा दिसतही नाही. ब्रॅगांझा हाच एक ब्रँड झाला, असं आम्ही म्हणतो.

याला अपवाद आहे, आणि तो गोड आहे. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त अँथनी गोन्साल्विस हे नाव आलं ते एका खऱ्या माणसाचं. गोव्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव असं जपलं. आम्हाला आजवर सापडलेल्या खऱ्या नावांत हे सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात विकायला काही नव्हतं.

मग या खोडीचं करायचं काय? सोडायची? नाही. फक्त नजर थोडी वळवायची. आज वाहिन्यांवर दुकानाची पाटी आली की ती धूसर करतात. पैसे भरले नसतील तर नाव दिसता कामा नये. म्हणजे पहिला प्रकार, आपसूक आलेलं नाव, तोच पुसला जातोय. पन्नास वर्षांनी आजचं शहर पडद्यावर शोधणाऱ्याला पैसे भरलेलीच नावं सापडतील.

म्हणून उत्तनकरांना एक विनंती. तुमच्याकडे लग्नाच्या, सणाच्या, होडी पाण्यात सोडतानाच्या व्हिडिओ कॅसेट असतील. बुरशी लागण्याआधी त्या उतरवून घ्या, आणि पाहताना नवरा-नवरीच्या मागे बघा. कुणाचं दुकान आहे, कुठल्या होडीचं नाव दिसतंय, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. सिनेमाने ‘समोवार’ जपलं. तुमच्या किनाऱ्याची नावं तो जपेल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एवढंच. आता तुम्ही बोला. कुणाकडे कॅसेट असतील तर आधी तेच सांगा.