रासायनिक दमा व प्राणिप्रयोगांच्या पुराव्याची मर्यादा

कारखान्यातील रासायनिक द्रव्यांमुळे जडणाऱ्या दम्याची रोगप्रतिकारशास्त्रीय उपपत्ती मुख्यतः गिनीपिग व उंदीर यांवरील प्रयोगांतून सिद्ध झालेली आहे. शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील भातशेतीचे तालुके. मुरबाडला औद्योगिक वसाहतही आहे. येथील कामकऱ्याचे वर्ष पुष्कळदा कारखाना, वीटभट्टी व शेत यांत वाटले गेलेले असते. अशा माणसाच्या दम्याविषयी निर्णय देताना ही उपपत्ती कितपत उपयोगी पडते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

लहान रेणूचे द्रव्य स्वतः प्रतिजन होऊ शकत नाही. शरीरातील प्रथिनाशी संयोग झाल्यावरच त्यास ते सामर्थ्य येते. लँडस्टायनर व जेकब्स यांनी 1935 साली गिनीपिगच्या त्वचेवर प्रयोग करून या विचारास भक्कम आधार दिला. फोम, रंग व चिकटद्रव्ये यांत वापरली जाणारी आयसोसायनेटे याच मार्गाने कार्य करतात. टोल्युइन डायआयसोसायनेट केवळ कातडीस लागले तरी गिनीपिगची श्वासनलिका अतिसंवेदनशील बनते, असे मेरिल कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखविले. पुढे बेल्जममधील लूव्हेन येथे उंदरांच्या त्वचेस प्रथम द्रव्य लावून व नंतर ते नाकात सोडून तसाच परिणाम घडवून आणण्यात आला. या प्रयोगांचे मोल निःसंशय मोठे आहे. कामगाराच्या नाकातोंडावर फडके बांधून भागत नाही, त्याच्या हातांचेही रक्षण झाले पाहिजे, हा व्यावहारिक धडा त्यांतूनच मिळाला.

परंतु या पुराव्यात तीन उणिवा आहेत. पहिली प्रतिपिंडाविषयीची. गिनीपिगमध्ये अशा प्रतिक्रियेत आयजीजी-1 या वर्गाचा वाटा मोठा असतो. मनुष्यात आयजीईकडे पाहण्याचा प्रघात आहे. ट्रायमेलिटिक अनहायड्राइडसारख्या आम्ल-अनहायड्राइडांच्या बाबतीत आयजीई बहुधा सापडते. आयसोसायनेटजन्य दम्याच्या रुग्णांपैकी मात्र थोड्यांच्याच रक्तात ते आढळते. उंदरांतही आयसोसायनेटाने इओसिनोफिलांपेक्षा न्यूट्रोफिल पेशींचा ओघ अधिक दिसतो, आणि टी-पेशींचा प्रतिसाद एकाच साच्यात बसत नाही. दुसरी उणीव काळाची. प्राण्यांत काही दिवसांत वा आठवड्यांत घडणारी गोष्ट मनुष्यात कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, प्रकट होते. तिसरी उणीव अशी की, प्रयोगशाळेत प्राण्याच्या वाट्यास एकच द्रव्य येते. मनुष्याच्या वाट्यास तसे येत नाही.

ही तिसरी उणीव शहापूर-मुरबाडकडे पाहता विशेष जाणवते. उन्हाळ्यात राब भाजले जातात, वीटभट्ट्या धुमसत असतात, घरात लाकडाची चूल असते. पावसाळ्यात ओल व बुरशी येते. यांपैकी प्रत्येक गोष्ट धाप वाढवू शकते. अशा स्थितीत रक्ततपासणीत आयजीई मिळाले नाही, एवढ्यावरून दोष राबाच्या धुरावर टाकणे व कारखान्यास मोकळे करणे सोपे असते. पण ते अनुमान सदोष आहे. आयजीईचा अभाव हा रोगाच्या अभावाचा पुरावा नव्हे. या चुकीची किंमत संशोधकास नव्हे, तर त्याच कामावर पुन्हा रुजू होणाऱ्या मजुरास मोजावी लागते. कारण संपर्क जितका लांबतो, तितकी रोग पूर्ण बरा होण्याची आशा कमी होते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. श्वासाचा कमाल वेग मोजण्याचे साधे उपकरण देऊन कामाच्या व सुटीच्या दिवसांत, दिवसातून अनेक वेळा, काही आठवडे नोंदी घेता येतात. भातलावणीसाठी कामगार कारखान्यापासून दूर राहतो, तो काळ या तुलनेस सोयीचा आहे. मात्र ओल व बुरशी यांचा परिणाम त्या नोंदींत मिसळतो, म्हणून एकाच ऋतूवर विसंबणे योग्य नव्हे; साप्ताहिक सुटीच्या नोंदी वर्षभर जोडाव्या लागतील.

सारांश, प्राणिप्रयोग रोग कसा घडू शकतो हे सांगतात. अमुक माणसास तो कशाने जडला, हे सांगण्याचा अधिकार त्यांस नाही. तो निर्णय त्या माणसाच्या कामाचा व श्वासाचा इतिहास पाहूनच करावयास हवा.