घडीव म्हणवणारा पलंग

फर्निचरच्या दुकानात 'रॉट आयर्नचा पलंग' म्हणून जे विकलं जातं, त्यात रॉट आयर्न बहुधा नसतंच. रॉट आयर्न म्हणजे घडीव लोखंड. कार्बन अगदी कमी, ठोकून आणि लाटून मळी बाहेर काढलेली, आत लाकडासारखे तंतू. ब्रिटनमध्ये ते तयार करणारा शेवटचा कारखाना बोल्टनला होता. तो १९७३ साली बंद पडला. आजचे पलंग माइल्ड स्टीलच्या नळ्यांचे असतात. हे ग्राहकाला फसवणं आहेच, पण मला त्यापेक्षा वेगळी फसवणूक जास्त खुपते. ती समजण्यासाठी मूळ वस्तूकडे जायला हवं.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम हे धातूच्या पलंगांचं मोठं केंद्र होतं. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात तिथल्या कारखानदारांनी आपले पलंग मांडले होते. तेही पूर्ण घडीव नसत. सळया आणि नळ्या साच्याच्या चौकटीत बसवायच्या, जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे लोखंडी साचा आवळायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. ते क्षणात थिजून सांधा पक्का होई. साच्याला आतून फुलाचा किंवा पानाचा आकार दिलेला असे. म्हणजे जुन्या पलंगावरचं फूल नंतर चिकटवलेलं नाही; ते फूल हाच सांधा. बाजूच्या पट्ट्या पायांना जोडायची पद्धतही तशीच हुशारीची. पट्टीच्या टोकाचा निमुळता गोळा पायावरच्या खोबणीत वरून बसे. झोपणाऱ्याचं वजन पडलं की जोड आणखी घट्ट. नट नाही, बोल्ट नाही.

हा सगळा खटाटोप सौंदर्यासाठी सुरू झाला नव्हता. त्यामागे ढेकूण होते. लाकडी पलंगाच्या भेगांत, पडद्यांच्या चुण्यांत त्यांची वस्ती. खाट उन्हात टाकून सांध्यांत उकळतं पाणी ओतणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे सांगायला नको. लोखंडाला भेगा कमी, ते धुता-पुसता येतं, खालून हवा खेळते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये रुग्णासाठी लोखंडी पलंगच सांगितला, तोही झालरीशिवाय. रुंदी साडेतीन फुटांपेक्षा जास्त नको, पलंगाची बाजू भिंतीला टेकलेली नको, म्हणजे परिचारिकेला दोन्हीकडून रुग्णापर्यंत पोचता येईल. पलंगाच्या रचनेच्या केंद्रस्थानी इथे, झोपणाऱ्याइतकीच, त्याची काळजी घेणारी व्यक्ती आहे.

म्हणूनच लोखंडी पलंगाला इस्पितळाचा, बराकीचा, वसतिगृहाचा वास चिकटला. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८८ साली आर्लच्या पिवळ्या घरासाठी पलंग घेतले तेव्हा लोखंडी टाळून मुद्दाम गावठी, रुंद, लाकडी घेतले. भावाला त्यानं कळवलं की त्यामुळे भक्कमपणा आणि शांतता येते. त्यातलाच एक त्याच्या प्रसिद्ध शयनकक्षाच्या चित्रात आहे. ते चित्र ऑक्टोबरातलं. डिसेंबर संपायच्या आत तो आर्लच्या इस्पितळात दाखल झाला होता. त्याला घर हवं होतं, आणि लोखंडी पलंग त्याला घराचा वाटला नाही.

मराठीतही ही खूण राहिली आहे. आपण 'शंभर खाटांचं रुग्णालय' म्हणतो. माणसं मोजायच्या ऐवजी खाटा मोजतो, आणि त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे रंगाचे पोपडे उडालेल्या लोखंडी कॉटांची रांग येते. त्याच वस्तूची आज जाहिरातीत राजवाड्याची शोभा म्हणून पांढऱ्या चादरींसह छायाचित्रं काढली जातात, तेव्हा रांगेतली ती माणसं चित्राबाहेर ढकललेली असतात.

मला खुपणारी फसवणूक ही. आजच्या पलंगात नळ्या वेल्डिंगनं जोडतात आणि तयार फुलं वरून डकवतात. सांध्याचं काम करणारं फूल आता नुसतं फूल उरलं. मोठ्या वेटोळ्यांच्या नक्षीत धूळ बसते, म्हणजे ज्या कामासाठी हा पलंग जन्मला तेच अवघड होतं.

तरी त्याचं आकर्षण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांच्या घरात बॉक्सच्या पलंगाला पर्याय नसतो, रजया आणि बॅगा कुठेतरी ठेवायच्याच असतात. पण त्या बंद पेटीशेजारी लोखंडी पलंग पाहिला की त्याचं मोठेपण कळतं: त्याच्या पोटात काही लपत नाही. आरपार फरशी दिसते, केरसुणी शेवटपर्यंत जाते. घ्यायचाच असेल तर नक्षी सोडून साध्या उभ्या सळयांचा घ्यावा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक माणूस उभा राहील एवढी जागा ठेवावी. कधी ना कधी घरात कुणीतरी अंथरुणाला खिळतंच.