छेदात कोण आहे?

अपूर्णांक शिकवताना आपण मुलांना बजावतो, की नुसता अंश लिहून चालत नाही, खाली छेद हवाच. 'चार मुले नापास झाली' एवढ्यावरून काही कळत नाही. चाळिसांपैकी चार की चारशेंपैकी चार, हे सांगितले म्हणजे अर्थ लागतो. पण छेदाविषयी आणखी एक प्रश्न असतो आणि तो वर्गात क्वचितच येतो. छेदात किती आहेत एवढे विचारून भागत नाही, छेदात कोण आहेत हेही विचारावे लागते. हा दुसरा प्रश्न राहून गेल्यामुळे वैद्यकात एक मोठी चूक कित्येक वर्षे टिकून राहिली. तिचा आधार म्हणून जे लिखाण पुढे केले गेले ते अवघ्या पाच वाक्यांचे आहे. त्यामुळे त्याचे परीक्षण एका बैठकीत करता येते.

हे लिखाण म्हणजे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी वैद्यकीय साप्ताहिकाच्या १० जानेवारी १९८० च्या अंकात आलेले संपादकांस पत्र. लेखक होते जेन पोर्टर आणि डॉ. हर्शेल जिक. बॉस्टनमधील ज्या प्रकल्पात ते काम करीत, तो रुग्णालयात दाखल झालेल्यांना कोणती औषधे दिली आणि त्यांचे कोणते दुष्परिणाम दिसले याची पद्धतशीर नोंद ठेवी. पत्राचा आशय असा : लागोपाठ नोंदलेल्या ३९,९४६ रुग्णांपैकी ११,८८२ जणांना अफूवर्गीय वेदनाशामक किमान एकदा दिले गेले होते. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची बऱ्यापैकी खात्रीलायक नोंद सापडली, आणि त्यातही एकाचेच व्यसन गंभीर होते. म्हणून, रुग्णालयांत ही औषधे भरपूर वापरली जात असली तरी पूर्वी व्यसन नसलेल्या रुग्णांना व्यसन जडणे विरळा, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

चार भागिले ११,८८२ म्हणजे सुमारे ०.०३ टक्के, तीन हजारांत एक. आकडा दिलासा देणारा आहे. आता आपण उत्तरपत्रिका तपासतो तसे, लाल पेन्सिल हातात घेऊन हे पत्र पुन्हा वाचू.

'किमान एकदा' या शब्दांखाली पहिली रेघ मारावी लागते. एकच इंजेक्शन मिळालेला रुग्ण आणि आठवडाभर रोज औषध घेतलेला रुग्ण येथे एकाच मापाने मोजले आहेत. औषध किती मात्रेत, किती दिवस आणि कशासाठी दिले, हे पत्रात नाही. व्यसन कशाला म्हटले आणि ते कोणी, कसे तपासले, हेही नाही. अंशात पूर्वी व्यसन नसलेलेच रुग्ण घेतले आहेत, छेदात मात्र औषध मिळालेले सगळे आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही सारी नोंद रुग्णालयातील मुक्कामाची आहे. रुग्ण घरी गेल्यावर त्याचे काय झाले, हे या आकड्यांत येऊच शकत नाही.

शिक्षकांना हे समजायला अवघड नाही. जून महिन्याच्या पहिल्या आठवड्याचा हजेरीपट पाहून कोणी शाळेतील गळतीचे प्रमाण काढले, तर ते शून्याच्या आसपास येईल. हजेरीपट खोटा नसतो, बेरीजही बरोबर असते. पण गळती जून महिन्यात दिसत नाही. ती दिवाळीनंतर, सुगीच्या दिवसांत, एखाद्या मुलीच्या बाबतीत सातवीनंतर दिसते.

व्यसनाचेही तसेच आहे. अफूवर्गीय औषधे मेंदूतील आणि मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींना चिकटतात आणि वेदनेचा संदेश मंदावतात. दिवस जातात तसे शरीर या औषधाला सरावते. पहिली मात्रा अपुरी पडू लागते आणि औषध एकदम थांबवले तर अंग दुखणे, जुलाब, अस्वस्थता असा त्रास सुरू होतो. या सरावालाच व्यसन म्हणत नाहीत, पण व्यसनाकडे जाणारी वाट अनेकांच्या बाबतीत येथूनच निघते. या सगळ्यात काळ हा मुख्य घटक आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला जीर्ण वेदना म्हणतात. कंबरदुखी आणि गुडघेदुखी ही त्याची नेहमीची उदाहरणे. असे रुग्ण औषध घरी घेतात आणि महिनोन्‌महिने घेतात. पोर्टर आणि जिक यांच्या छेदात हे रुग्ण नव्हतेच.

लेखकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. आपले रुग्ण रुग्णालयातले आहेत हे त्यांनी स्पष्ट लिहिले होते, आणि निष्कर्षाच्या वाक्यातही रुग्णालयांतील वापराचाच उल्लेख होता. माझा आक्षेप आहे तो वाचणाऱ्यांवर.

कारण पुढे या पत्राला बढती मिळत गेली. 'सायंटिफिक अमेरिकन' हे विज्ञान सोपे करून सांगणारे नामांकित मासिक. त्यात १९९० साली वेदनेवरील एका लेखात या पत्राचा उल्लेख 'विस्तृत अभ्यास' असा झाला. लेखक होते रोनाल्ड मेल्झॅक, वेदनाविज्ञानातील अत्यंत मोठे नाव. २००१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मैलाचा दगड ठरलेला अभ्यास म्हटले. दरम्यान १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोडोन हे औषध सावकाश सुटणाऱ्या गोळीच्या रूपात 'ऑक्सिकॉन्टिन' या नावाने बाजारात आणले. व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी आहे, असे तिचे विक्रेते डॉक्टरांना सांगत फिरले, आणि हे कंबरदुखीसारख्या दीर्घकाळच्या दुखण्यांसाठीही सांगितले गेले. गंमत अशी, की १९८० च्या पत्रातील चौघांपैकी एकाने घेतलेल्या गोळीत हेच ऑक्सिकोडोन होते. पाच वाक्ये उघडून पाहणाऱ्याला ते तेथेच दिसले असते.

पत्र प्रसिद्ध झाल्यानंतर ३७ वर्षांनी, २०१७ मध्ये, कॅनडातील पाच संशोधकांनी या पत्राचे उल्लेख शोधून मोजले. त्यांना ६०८ उल्लेख सापडले. त्याच सुमारास त्याच साप्ताहिकात आलेल्या इतर पत्रांच्या वाट्याला साधारण अकरा-अकरा उल्लेख आले होते. या ६०८ पैकी ७२ टक्के लेखांनी व्यसन विरळा असल्याचा पुरावा म्हणून पत्र पुढे केले. सुमारे ८१ टक्के लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, एवढेही सांगितले नाही. साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यानंतर पत्राला सावधगिरीची टीप जोडली. आपल्या पत्राचा असा उपयोग झाल्याबद्दल डॉ. जिक यांनी त्या वर्षी जाहीर खंत व्यक्त केली.

परिणाम काय झाला? १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे ६,४५,००० माणसे मेली. यात डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे आहेत, तसे हेरॉइन आणि बेकायदा फेंटानिलही आहे. ही सगळी जबाबदारी एका पत्रावर टाकणे हा पुन्हा तसलाच बेहिशेबीपणा होईल. कंपनीचा प्रचार होता, औषधाला मान्यता देणाऱ्या यंत्रणेची ढिलाई होती, बेकारी होती. ऑक्सिकॉन्टिनच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यूच्या सहकंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. पण दिशाभूल करू पाहणाऱ्याला विज्ञानाच्या नावाची पाटी हवी असते. ती पाटी मूळ मजकूर न वाचणाऱ्या जाणकारांनी पुरवली, हे नाकारता येत नाही.

योग्य छेद घेतल्यावर काय दिसले? जीर्ण वेदनेसाठी ही औषधे घेणाऱ्या रुग्णांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१५ मध्ये व्यसनाचे सरासरी प्रमाण ८ ते १२ टक्के काढले गेले. पद्धती वेगळ्या असल्याने दोन आकड्यांची थेट तुलना करू नये, पण तीन हजारांत एक आणि दहांत एक यांतील अंतर डोळ्यांत भरणारे आहे. २०१८ मध्ये कंबर, खुबा व गुडघा यांच्या दीर्घ दुखण्याच्या २४० रुग्णांवर वर्षभर चाललेली चाचणी प्रसिद्ध झाली. दैनंदिन कामे सुधारण्यात अफूवर्गीय औषधे साध्या वेदनाशामकांहून सरस ठरली नाहीत.

छेद नीट कसा मिळवावा, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात सांधे व स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता ते घरोघर गेले. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले, आणि दुखणे सांगणाऱ्यांची तज्ज्ञांकडून तपासणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना असे काही ना काही दुखणे होते, पण संधिवाताचा जो गंभीर प्रकार सांधे वाकडे करतो तो सुमारे अर्ध्या टक्क्यातच आढळला. केवळ मोठ्या रुग्णालयातील गर्दी मोजली असती तर हे चित्र निघाले नसते. दुखते म्हणून कोणी दवाखान्यात जातो, कोणी दुकानातून गोळी आणतो आणि कोणी सोसतो. घरोघरच्या मोजणीत हे तिघेही येतात.

एका उलट चुकीकडेही लक्ष द्यायला हवे. अमेरिकेतील ही कथा ऐकून मॉर्फिन हे विषच, असा निष्कर्ष कोणी काढील. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने शेवटच्या अवस्थेतील कर्करोग्यांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. परवान्यांचा जाच कमी करण्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्या रुग्णांचा छेद पुन्हा वेगळाच आहे. जीर्ण कंबरदुखीचे प्रमाण त्यांना लावणे, हे रुग्णालयाचे प्रमाण कंबरदुखीला लावण्याइतकेच चुकीचे आहे.

आठवी-नववीच्या वर्गात यासाठी एक तास द्यावा, असे मी सुचवीन. मुलांना वर्तमानपत्रातून किंवा जाहिरातीतून टक्केवारीची दहा वाक्ये आणायला सांगावीत. प्रत्येक वाक्याचा छेद आकड्यात न लिहिता शब्दांत लिहायला लावावा : कोण, कोठले, किती काळ पाहिलेले. ज्या वाक्यांचा छेद असा लिहिता येणार नाही ती बाजूला ठेवावीत. दहांपैकी किती बाजूला पडली हे फळ्यावर मांडावे, आणि ही दहा वाक्ये कोणी, कोठून निवडली हेही खाली लिहून ठेवावे.