40 मीटर कुठे गेले?

कृष्णाकाठच्या मगरीचा एक ठरावीक फोटो असतो. पुढे पाण्याच्या कडेला धुणं धुणारी बाई किंवा डुंबणारी म्हैस, आणि तिच्या पाठीला जवळजवळ टेकलेली, जबडा उघडून पडलेली मगर. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या सांगलीकडच्या पट्ट्यातला असा फोटो हिवाळ्यात मगरी उन्हाला आल्या की मोबाइलवर फिरू लागतो. दुसरा ठरावीक फोटो साताऱ्याजवळच्या कास पठाराचा. नजर पोचेल तिथवर फुलांचा अखंड गालिचा, मध्ये बोटभर जागा रिकामी नाही. दोन्ही फोटोंत संगणकावर कुणी काही चिकटवलेलं नसतं. तरीही दोन्ही दिशाभूल करतात आणि दोघांची रीत एकच आहे. लांबून, टेलिफोटो लेन्सनं टिपताना मधलं अंतर गायब होतं.

मी गेली काही वर्षं डिजिटल कॅमेऱ्याला 300 मिलिमीटरची जुनी, हातानं फोकस करायची लेन्स लावून फोटो काढतो. त्यामुळे हे अंतर कसं जातं ते मला डोळ्यांइतकंच बोटांनीही कळत गेलं आहे.

आधी साधा हिशोब. बाईच्या मागे मगर 40 मीटरवर आहे असं धरा. तुम्ही बाईपासून 10 मीटरवर उभे असाल, तर मगर तुमच्यापासून 50 मीटरवर, म्हणजे पाचपट लांब. फोटोत ती बाईच्या मानानं पाचव्या हिश्श्याइतकी लहान दिसेल. आता मागे सरकून बाईपासून 40 मीटरवर उभे राहा. मगर 80 मीटरवर गेली, म्हणजे फक्त दुप्पट लांब. आता ती पाचव्या हिश्श्याची न राहता निम्म्या मापाची दिसेल. बाई आणि मगर आपापल्या जागीच आहेत, हललात ते तुम्ही. 300 मिलिमीटरची लेन्स एवढंच करते की त्या लांबच्या दृश्याचा छोटा तुकडा मोठा करून चौकटभर बसवते. दोष काचेचा नाही, उभं राहण्याच्या जागेचा आहे. पण ती जागा फोटोत दिसत नाही.

कासला हेच फुलांच्या बाबतीत होतं. जांभा खडकावरचा मातीचा पातळ थर, त्यावर गेंद, सीतेची आसवं, तेरडा. फुलं दाट असतात, पण पट्ट्यापट्ट्यानं; मधे काळा कातळ, गवत, साचलेलं पाणी. कॅमेरा जमिनीलगत धरून लांबून टिपलं की मागची फुलं पुढच्यांवर चढतात आणि कातळ झाकला जातो. मग तो गालिचा शोधत माणसं येतात. जागेवर दिसतो तो वेगळा देखावा, म्हणून ‘खरा गालिचा आत कुठेतरी असेल’ असं समजून पायवाट सोडून आत शिरतात. युनेस्कोनं 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्या यादीत कास आहे. हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, त्यामागे प्रसिद्धीचा वाटा मोठा आहे आणि त्या प्रसिद्धीत अशा फोटोंचा.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या काळात, डेन्मार्कमधल्या रित्झाउ स्कानपिक्स या वृत्तछायाचित्र संस्थेच्या दोघा छायाचित्रकारांनी तीच माणसं, तीच जागा, एकदा टेलिफोटोनं आणि एकदा वाइड लेन्सनं टिपून शेजारी शेजारी ठेवली. एकात गर्दी खांद्याला खांदा लावून, दुसऱ्यात ऐसपैस अंतर राखून. टेलिफोटोच्या फोटोंची याहून चांगली समीक्षा मी शब्दांतही वाचलेली नाही.

मग हातानं फोकस करण्याचा यात काय संबंध? आजचा ऑटोफोकस प्राण्याचा डोळा ओळखून थेट त्यावर जातो. बाईवरून मगरीवर तो क्षणात पोचतो. मधला वाळूचा पट्टा, पाणी, चिखल त्याच्या लेखी नसतातच. जुन्या लेन्सवर हाच प्रवास रिंग फिरवत करावा लागतो. बाई स्पष्ट होते, मग ती विरघळते. मग वाळूतला एखादा दगड उमटतो, मग पाण्यावरची चमक, आणि त्यानंतर मगर. कासला एक पट्टा उमटतो, मावळतो, मधे कातळ येऊन जातो, मग पुढचा पट्टा. फोटो जे अंतर लपवणार असतो, ते फोटो काढणाऱ्याला बोटांखालून जाताना कळतं. रिंगवर मीटरचे आकडेही कोरलेले असतात. लांबच्या अंतराला ते दाटीवाटीनं बसतात, म्हणून मोजपट्टीसारखे वापरता येत नाहीत. पण ‘हे दोघे एका जागी नाहीत’ एवढं ते नक्की सांगतात.

धूसरपणाबद्दलही माझं मत इथेच बदललं. पक्ष्यामागची लोण्यासारखी धूसर पार्श्वभूमी मला कंटाळवाणी वाटते. पक्षी मायणीचा की आणखी कुठला, हे तिच्यातून कळत नाही. पण मगरीच्या फोटोत तोच धूसरपणा साक्षीदार असतो. f/4.5 ठेवून बाईवर फोकस केला तर 80 मीटरवरची मगर स्पष्ट येणारच नाही, आणि ती न येणं हाच दुराव्याचा पुरावा. छिद्र f/11 इतकं लहान केलं तर धूसरपणा उरतो, पण मोबाइलच्या पडद्यावर तो नजरेला येत नाही. पुरावा असतो, वाचणारा नसतो.

जुन्या लेन्सचा उदोउदो मला करायचा नाही. उजेडाच्या कडांना जांभळी झालर येते, डिजिटल कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये पूर्वीची दुभंगलेल्या प्रतिमेची काच नसते, आणि उडत्या पक्ष्याचे दहांतले आठ फोटो वाया जातात. मिररलेस कॅमेऱ्यात दृश्य मोठं करून पाहता येतं, त्यानं काम सोपं होतं. शिवाय अंतर कळलं म्हणून फोटो काढणारा ते सांगेलच असं नाही. हीच लेन्स घेऊन तो गालिचाही विणू शकतो.

म्हणून माझी तक्रार उपकरणाशी नाही, आपल्या बघण्याशी आहे. आपल्याकडे अशा फोटोंची चर्चा ‘काय टायमिंग!’ आणि ‘कुठली लेन्स?’ या दोन वाक्यांत संपते. कृष्णेत मगरींचे हल्ले झाले आहेत, जीव गेले आहेत. काठावरच्या माणसाची भीती खोटी नाही. म्हणूनच तिला खरी मापं मिळायला हवीत. उन्हात जबडा उघडून पडलेली मगर अंगाची उष्णता सांभाळत असते, हल्ल्याच्या पवित्र्यात नसते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे. ‘मगरी हलवा’ ही मागणी करायची की नाही, पाणवठ्याला कुंपण घालायचं की नाही, हे ठरवताना तो फोटो लोकांच्या डोळ्यांसमोर असतो. त्यातून 40 मीटर वजा झालेले असतात.

छायाचित्रकारांकडे माझं मागणं छोटं आहे. असा फोटो द्याल तेव्हा त्याच जागेवरून साध्या लेन्सनं काढलेला दुसराही द्या, किंवा फोटोखाली निदान एक ओळ लिहा: मी कुठे उभा होतो, बाई किती लांब होती, मगर किती लांब. आणि बघणाऱ्यांनी, लेन्स कुठली हे विचारण्याआधी, तेवढंच विचारावं.